हुडकायचा क्रम

रात्री साडेदहाला पडदा काळा,
वर कोपऱ्यात एकच पांढरी ओळ:
चालू होण्याजोगं काही सापडलं नाही.
सापडलं नाही म्हणजे?
संध्याकाळपर्यंत तुझ्याच पोटात होत्या
चव्वेचाळीस लग्नपत्रिका,
त्यातली हत्तरगीच्या पाटलांची दोन भाषांत,
मुलीकडची मराठी, मुलाकडची कन्नड,
सकाळी नऊला प्रेसला द्यायची.

बंद. चालू. बंद.
पेनड्राइव्ह उपटला.
बॅटरी काढून अर्धा मिनिट बटण दाबून धरलं.
तळाला कान लावला:
आत काहीतरी फिरत होतं बहुतेक,
मागच्या गल्लीत एक माग अजून चालू होता,
नीट कळेना.

सकाळी सातला शहापुरात, जिन्याखाली,
मडिवाळप्पाने शटर अर्धंच वर केलं.
"एनातु?"
"सुरूच होईना."
"डेटा हाय का गेला ते बघू आधी. रडायचं नंतर."
चार स्क्रू. डिस्क काढून
आपल्या मशीनला वायरने जोडली.
सगळं होतं:
पाटील, पोरीची दहावीची मार्कलिस्ट,
२०१४ च्या सहलीचे आंबोलीतले धुक्याचे फोटो,
ज्यांत कोणीच दिसत नाही.
"डिस्क शाणी हाय. तुझं मशीनच तिला हुडकेना."

हुडकणे.
पुण्याचा मावसभाऊ हसायचा या शब्दाला,
शोधणे म्हण, म्हणायचा.
मडिवाळप्पा घरी 'हुडुकु' म्हणतो, मी 'हुडक',
मध्ये कुठे चेकपोस्ट लागत नाही.

निळा पडदा उघडला.
तारीख: एक जानेवारी दोन हजार नऊ.
"सेल मेला बघ."
पावलीएवढा सेल मदरबोर्डवर,
तो मेला की मशीन शिकवलेलं विसरतं,
आज वार कुठला, आधी कुणाच्या दारात जायचं.
रात्रभर ते नेटवर्कमध्ये हुडकत होतं,
मग नसलेल्या सीडीत,
मग पेनड्राइव्हच्या रिकाम्या भोकात.
डिस्क समोर बसलेली,
पण तिची रीत जुनी, म्हणून ओळख देईना.

नवा सेल, साठ रुपये.
डिस्कचं नाव त्याने वर चढवलं,
रीत जुनीच ठेवली.
तारीख मला घालायला सांगितली,
मी महिना चुकलो.
त्याने नुसतं घड्याळाकडे बघितलं.

आठ चाळीसला पाटलांची पत्रिका उघडली.
मडिवाळप्पाने चष्मा कपाळावर सारून
कन्नड बाजू वाचली,
बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.
"बयसुववरु. एक 'व' खाल्लास की रे."
सहा वर्षं मी हा शब्द असाच छापतोय.
"आणि कुणी सांगितलं नाही?"
"कोण वाचतंय पत्रिका.
तारीख बघतात, आणि हॉल कुठला."

मी 'व' घातला.
ओळ लांबली,
आणि खालचा कलश
बोटभर खाली सरकला.