नऊ टक्के

आमच्या शाळेत अकरा मुलं.
म्हणजे एक मूल नऊ टक्के,
आणि वर थोडं शून्य नऊ, शून्य नऊ,
जे पर्वरीच्या तक्त्यात मावत नाही म्हणून छाटतात.

साईशा माजिकला ताप आला
त्या दिवशी शाळेलाच नऊ टक्के ताप आला.
आई फोनवर म्हणाली, बाई, पेजसुद्धा राहत नाही पोटात.
मी म्हटलं, झोपू दे तिला.
गैरहजर मुलापुढे शून्य लिहायचं असतं.
ते मी दुपारी लिहिलं,
जरा लहान काढलं.

बिरो झोरेला वाचायला उतारा आला.
मिनिटाला पंचेचाळीस शब्द,
भागशिक्षणाधिकारी समोर, मोबाईलवर घड्याळ धरून.
एकोणिसावा शब्द वाघ.
बिरो थांबला.
बोट वाघावरून न काढता म्हणाला,
"बाई, आमची गाभण म्हस..."
आणि दारातून वरच्या धनगरवाड्याकडे बघत राहिला.
उरलेले सेकंद तिथेच चरत राहिले.
सरांनी घड्याळ बंद केलं.
अठरा धरायचे की एकोणीस,
यावर आम्ही दोघं थोडं बोललो.
सर वाईट नाहीत. एकोणीस धरले.

रेणुका मादर जूनमध्ये नव्हतीच.
रस्त्याचं काम आलं,
डांबराच्या पिंपांमागून ती आली.
चोवीस चॉकलेटं, सहा मुलं:
ती ओठांतल्या ओठांत मोजते, ओंदु, एरडु, मूरु,
मध्येच मराठीत येते, कोकणीत घसरते,
आणि बरोबर चारावर उतरते.
तीन भाषांचं पाणी तुडवून आलेल्या चाराला
गुण एकच.
चॉकलेटं कधी देणार, हेही तिनं विचारलं.
त्याला रकाना नव्हता.

फेब्रुवारीत निकाल.
अकरातली चार उत्तीर्ण, छत्तीस टक्के, श्रेणी क.
सोबत सत्तरीचा नकाशा:
हिरवे ठिपके, पिवळे ठिपके,
आणि आम्ही लाल, हळदीकुंकवाच्या बोटाएवढे.
दर्शनी भागात लावा, असं परिपत्रक.
लावला, माध्यान्ह आहाराच्या यादीशेजारी.
मुलांनी त्यात आधी नदी शोधली.
नव्हती.

मग तन्वेशचे पप्पा आले.
चपला बाहेर काढून,
दाखला मागताना नजर फरशीवर.
ह्याच खोलीत शिकले ते,
ह्याच खिडकीच्या गजात एकदा त्यांचं डोकं अडकलं होतं,
ते स्वतःच सांगतात दर चतुर्थीला.
आज नाही सांगितलं.
"वाळपईला बालरथ जातो, बाई. दारातून नेतो."
मी शाई झटकून दाखला लिहिला.
वर्तणूक: उत्तम.
उत्तीर्ण चारांतला एक होता तन्वेश.

आता दहा. हिशेब सोपा झाला.
एक मूल सरळ दहा टक्के.
एक गेलं की उरलेली जागच्या जागी जड होतात,
हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही.
अशीच एकेक गेली तर
रेणुका एकटी उरेल, शंभर टक्के,
आणि परीक्षेच्या दिवशी
तिला ताप यायला नको.

साडेसातला बालरथ शाळेपुढून जातो.
ड्रायव्हर उगाच हॉर्न देतो, ओळखीचा आहे.
काचेमागून तन्वेश हात करतो,
बिरो झाडूसकट हात करतो,
धूळ अर्धी आत येते.

आज फळ्यावर वजाबाकी.
शंभरातून सात.
एककाकडे काही नाही,
मी सांगते, शेजाऱ्याकडून उसना घ्यायचा.
बिरो खडू धरून उभा.
"बाई, शेजारीपण शून्यच.
मग कोणाकडे जायचं?"

त्याच्याही शेजाऱ्याकडे, मी म्हणते.
तो जातो.
एकाचं दार वाजवायला हवं तसा
खडूनं फळ्यावर दोनदा टकटक करतो.