नऊ मणी

व्यंकू रात्रीतून चार-पाच तांबे प्यायचा,
मग बाहेर जायचा, मग परत तांब्या.
त्या साली रेणापूरला टँकर आठव्या दिवशी यायचा
आणि आमच्या घागरींवर ऑइलपेंटनं नाव होतं.
भागीरथाक्का म्हणाल्या,
ह्याच्या पोटात आड हाय काय गं?

साखर तपासली. नव्हती.
कुणी सांगितलं म्हणून अंगारा आणला, ताईत बांधला.
आई रागवायची आणि त्याच हातानं
माठावरचं झाकण काढून द्यायची.
एकदा तो गुरांच्या हौदाशी सापडला,
म्हशीशेजारी, पाण्याला तोंड लावून. सात वर्षांचा.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात कासलेबाईंनी
सकाळपासून त्याचं पाणी बंद केलं.
दर तासाला वजन, दर तासाला लघवी मोजायची.
तो रडला नाही. नळाकडे बघत बसला.
दुपारी बाईंनी केसपेपर उलटा केला
आणि मी बारावी सायन्सला म्हणून माझ्यासाठी
पेननं एक पेशी काढली, लांब शेपटाची.

मेंदूच्या तळाशी अशा थोड्याच, म्हणाल्या.
केंद्रकातला नमुना उतरवून घेतात,
मण्याला मणी लावत प्रथिनाची माळ ओवतात.
माळेची घडी नीट पडली तरच ती पुढं जाते.
वाटेत कात्री लागते, नऊ मणी सुटे होतात.
नऊच. ते मूत्रपिंडाला सांगतात,
पाणी राखून ठेव.

साठा शेपटाच्या टोकाशी.
रक्त जरा दाटलं की पेशीला कळतं,
ती तेवढ्यापुरतंच सोडते. पाणी प्यालं की बंद.
मला आमचा वॉलमन शिवाप्पा आठवला,
कुठल्या गल्लीला किती मिनिटं, तोंडपाठ.

मग ह्याच्यात काय बिघडलं?

एक मणी. नवातला नाही,
त्यांना सांभाळून नेणाऱ्या लांब भागातला.
घडीच पडत नाही, म्हणून दार उघडत नाही.
माळा आतल्या आत साचतात,
पेशी गुंता उपसत राहते वर्षानुवर्षं,
आणि त्यातच मरते.

घरात अजून कुणाला?

किशनआज्या, आईचे वडील.
गाव त्यांना रांजण्या म्हणायचं.
पंगतीत त्यांच्यापुढं मुद्दाम आख्खी घागर ठेवायचे,
आणि तेही हसायचे, आणि ती रिकामी व्हायची.

बाई थांबल्या. आजोबांकडनं थेट नातवाला येत नाही हे, म्हणाल्या.
मधल्या माणसातनं यावं लागतं.
आई पदराची किनार बोटाला गुंडाळत होती.

"मलाबी लागतं," ती म्हणाली.
"पाणी भरायला पहाटं मीच उठते न्हवं,
तवा पिऊन घेते. कुणी मोजत न्हाई."

मी त्याच घरात झोपत होते. सतरा वर्षं.

बाईंनी नवा केसपेपर ओढला.
नाव विचारलं, वय विचारलं,
दिवसाला अंदाजे किती तांबे?
आई बोटं मोडत मोजायला लागली.
एक हात संपला. मग दुसरा.
मग तिनं व्यंकूचा हात ओढून घेतला.