किंचित कडू

आमच्या गल्लीत तीन भाषा बोलतात
आणि तिन्हींत एक शब्द सारखा आहे: रुची.
गौरव्वा कन्नडात म्हणते, आई तेलुगूत म्हणायची.
मी मराठीत म्हणायला गेलो
की शाळेच्या बाकावर बसल्यासारखं वाटतं.
मराठीत आम्ही आपलं चव म्हणतो.
ती असते, जाते, घालवली जाते.
'सगळी चव घालवलीस' असं मला
पहिल्यांदा मास्तर म्हणाले, निबंधावरून;
नंतर मालक,
चादरीवरच्या हत्तीची सोंड
माझ्या चुकीनं शेपटीकडे विणली गेली तेव्हा.

आई विड्या वळायची.
मांडीवर सूप, ओली पानं, कात्री,
हजाराचा आकडा होईतो मान वर नाही.
मग त्याच बोटांनी ज्वारीचं पीठ.
हात धुवायची ती. दोनदा. तिसऱ्यांदा राखेनं.
तरी भाकरीच्या कडेला
तंबाखूचा एक कडवट धागा राहायचाच.
मला वाटायचं ज्वारीच तशी.
काळ्या रानातली आहे, असेल कडू.

बारा वर्षांचा असताना गौरव्वाकडे जेवलो.
पापडासारखी कडक भाकरी,
उखळातली शेंगाचटणी, तेल सुटलेली,
वर दह्याची कवडी.
सगळं होतं आणि काहीतरी नव्हतं.
मी मीठ मागितलं.
मीठ बरोबर होतं.
'रुची इल्ला?' गौरव्वानं विचारलं.
मी मान हलवली,
हो की नाही, ते तिलाही कळलं नाही, मलाही.

आता मी चादरींचे नमुने काढतो.
चौकटीच्या कागदावर एकेक घर भरायचं;
घर भरलं की पुठ्ठ्याला भोक,
भोक पडलं की धागा वर.
लालाशेजारी हिरवा, हिरव्याला पिवळी कड,
मधोमध मोर, मोराला जागा पुरत नसली तरी मोर.
ज्याच्या घरात खोलीच एक
त्याच्या अंथरुणात रंग तरी चार जास्त असावेत,
असं माझं मत.
कुणी विचारलेलं नाही.

दिवाळीनंतर स्रवंती पुण्याहून आली.
ती लोकांची घरं सजवते.
तिच्या गिऱ्हाइकांना राखी रंग हवा,
राखीवर राखी,
रेघ असलीच तर न दिसणारी.
'नान्ना, हे फार भडक होतं. यात टेस्ट नाही.'
वाईट बोलली नाही ती.
बोलताना मोराच्या मानेवरून हात फिरवत होती,
आजाऱ्याचा हात धरावा तसा.
मी म्हटलं, काढतो राखी.

रात्री बसलो.
भरायचं कमी, सोडायचं जास्त.
माझा हात सारखा लालाकडे जायचा,
मी त्याला ओढून आणायचो, ओढाळ गुरासारखा.
पहाटेकडे मात्र
ते रिकामं रिकामं थोडं आवडलं,
खोटं कशाला बोलू.
तापातून उठल्यावर पहिली पेज लागते, तसं.
पण पेजेवर माणूस किती दिवस राहील?

दुपारी जेवताना तिनं कागद पाहिला,
'छान' म्हणाली, आणि जेवत राहिली.
मग घास हातात तसाच धरून म्हणाली,
'आपल्या भाकरीला पूर्वी काहीतरी असायचं.
पुण्यात पाकिटातली आणते, तिला नसतं.
ते समजतं.
पण इथं का नाही?'
तिची आई म्हणाली, गिरणी बदलली.
मग म्हणाली, पाऊस कमी, ज्वारी हलकी.
तवाही नवा आहे, असं आठवून सांगितलं.

आई गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती.
तोवर तिचा प्रत्येक घास
आईच्या बोटांचा.

मला सांगता आलं असतं.
पण ताटावर, जेवताना, कसं सांगायचं
की तुला जे आवडत होतं
ते चांगलं नव्हतं,
त्यानंच तिची छाती भरली होती?

स्रवंतीनं मीठ मागितलं.
मीठ बरोबर होतं.
मी वाटी तिच्याकडे सरकवली.