वाळूचे प्रवासी

चाचणीच्या गाडीत माणसं नव्हतीच.
सीटांवर पोती, गिरणेच्या वाळूची,
दर पोतं पासष्ट किलो.
सुकलाल तायडे त्यांना नावं ठेवायचा:
ही मावशी,
हा पाचोऱ्याचा जावई, रुसलेला.

भादलीपाशी काटा एकशे ऐंशीवर.
केळीच्या बागा नुसती हिरवी रेघ.
गेटमनचा झेंडा वर जाईतो
आम्ही वाघूरचा पूल ओलांडलेला.
सुकलाल ओरडला, "भो, जावई हालला नाही!"
मी वहीत लिहिलं, कंपन मर्यादेत.

फाइल बंद झाली.
डबे भुसावळच्या यार्डात गंजले.
वाळू त्यानं हातगाडीवरून नेली,
घराला गिलावा केला.

परवा गेलो. तो नाही आता.
ओसरीच्या भिंतीला तळहात लावला.
कंपन होतं,
माझ्या हाताचंही असेल.
वही जवळ नव्हती.