डाव्या बाजूचं कुंपण

वकिलाच्या कचेरीत माझं काम एवढंच:
घर विकणाऱ्यांचे अर्ज तपासायचे.
हो, नाही, माहीत नाही.
चौकटी तीन, खूण एकीतच हवी.

विनिफ्रेड टॅपर, वय ब्याऐंशी, राहणार नेदर विन्सल,
हिने एकही खूण केलेली नाही.
समासात लिहिलंय शिसपेन्सिलीनं,
आणि समास संपला तिथे कागद आडवा धरून.

डाव्या बाजूचं कुंपण कोणाचं?
"कागदावर माझं.
पण एकतीस वर्षं ते छाटतोय सेसिल हॉब्ज.
आत घरटं दिसलं की मे महिनाभर
कात्रीला हात लावत नाही.
नव्या लोकांच्या कानावर घाला."

शेजाऱ्यांशी काही वाद?
"याच हॉब्जशी. कोंबडी माझी, वाटाणे त्याचे.
चार वर्षं चर्चमध्ये मी त्याच्या मानेकडे बघत बसले,
पुढच्या बाकावर तो, मान ताठ.
मग आर्थर गेला. त्या सकाळी
हा शिडी घेऊन आला, आणि काही न बोलता
आमच्या पन्हळीतला पाचोळा काढून गेला.
याला वाद म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा."

पूर?
"दोनदा. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर रेघ आहे,
रंगाऱ्याला मी ती पुसू दिली नाही.
ओढा वाईट नाही हो,
त्याला फक्त जुनी वाट आठवते."

सार्वजनिक पायवाट?
"आहे, परसातून, भोपळ्याच्या वाफ्याला लागून.
अपर विन्सलला चर्च नव्हतं तेव्हा
तिथल्या शवपेट्या इथूनच खाली यायच्या.
आता कुत्री घेऊन माणसं जातात.
फाटक लावून घेतात. बहुतेक."

आणि ते जमिनीला चिकटून आलेलं जुनं बंधन,
चर्चचं छप्पर गळलं तर खर्चात या घराचा वाटा:
"छपराचं शिसं चोरीला गेलं त्या वर्षी
आम्हाला झोप नव्हती. बिल आलं नाही.
येणारच नाही असं मी लिहून देणार नाही."

घेणारं जोडपं रीडिंगचं.
त्यांचा एकच प्रश्न, दोन ईमेलांत:
इंटरनेटला वेग किती?
बस फक्त गुरुवारी येते, हे त्यांनी विचारलं नाही.
गाड्या दोन आहेत त्यांच्याकडे.

परवा, जानेवारीच्या पाच वाजताच्या अंधारात,
चारही विन्सल फिरून मी दिवे मोजले.
एकशे दहा घरं.
उजेड एकेचाळिसांत.
बाकीच्या दारांशी आकड्यांच्या कुलपाची
छोटी पेटी, पेटीत किल्ली,
शुक्रवारपर्यंत गप्प.

मी राहते बंद पडलेल्या पोस्टाच्या वरच्या मजल्यावर. भाड्यानं.
आई इथली, तिची आईही इथली.
चर्चमागच्या मातीत आमची माणसं बरीच;
मालकीची म्हणावी अशी जागा तेवढीच.

साहेब म्हणाले, नीट टाइप कर.
समास कोरा हवा.

केलं.
कुंपण: विक्रेत्याचं.
वाद: नाही.
पूर: हो. पायवाट: हो.
एकतीस वर्षं कुठल्याच चौकटीत बसेनात.

शेवटी एक रकाना असतो, "इतर काही",
तो कोणी वाचत नाही, साहेबही नाहीत.
त्यात मी टाइप केलं:
मे महिन्यात कुंपण छाटू नये.

कारण दिलं नाही.