तालीम

तुकोगंजातल्या दवाखान्याचा वरचा हॉल.
आज सिस्टर भारंबे झाल्यात पंधरा वर्षांची पोर.
पुढ्यात पोहे, शेव, वर जिरावण.

डॉक्टर खासगीवाले नाडी बघतात,
मी चमचे मोजते,
समुपदेशक म्हणतो, मनातलं बोल.
तिघं एकदम.
सिस्टर शेवेची एकेक काडी
बशीच्या काठावर मांडत जातात.

शिकवणाऱ्या बाई थांबवतात:
तुम्ही तिघं तिच्या समोर का बसलात?

खुर्च्या सरकतात, फरशी करकरते.
आता आम्ही सगळे एका बाजूला,
समोर फक्त बशी.
कुणीच बोलत नाही.
मला तर सुचतच नाही.

ह्या गावात ‘खाल्लंत का?’ हाच नमस्कार.
गार पोह्यांकडे बघत
सिस्टर, की ती पोर,
हळूच विचारते,
‘तुम्ही खाल्लंत, मॅडम?’

सकाळपासून नुसता चहा.