नांदायला

मुंबईहून परत येऊन आज एकसष्ट दिवस.
काचेपलीकडच्या बाईनं पासपोर्ट ठेवून घेतला
आणि फटीतून एक कागद सरकवला,
पोस्टातली बाई सुटे पैसे सरकवते तसा.
घडी पडू नये म्हणून
ड्रॉइंगच्या नळीत घालून तो मी कोल्हापूरला आणला.

आता रोज सकाळी, उद्यमनगरात शटर उघडायच्या आधी,
फोनवर केस नंबर टाकतो.
तोच शब्द येतो : नाकारले.
वकील म्हणाला, त्याचा अर्थ नाकारले असा नसतो,
त्याचा अर्थ, अजून बघतोय.
म्हटलं, साहेब, आमच्याकडं उलटं असतं.
समोरचा 'बघतो' म्हणाला
की समजायचं, नाही.

लेथला शाफ्ट लावतो.
ड्रॉइंगवर प्रत्येक मापाशेजारी लिहिलेलं असतं
किती कमी चालेल, किती जास्त.
केसाचा दहावा हिस्सा इकडं तिकडं, माल पास.
त्या कागदावर तसलं काही नाही.
किती महिने म्हणजे उशीर,
आणि माणूस कितव्या महिन्यात भंगारात जातो,
कुठंच लिहिलेलं नाही.
एक्सरेला मात्र मुदत आहे :
माझी छाती नोव्हेंबरपर्यंत स्वच्छ आहे.

रात्री गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
ग्लासात धार काढता काढता बंडा गवळी विचारतो,
"काय पावणं, कवा निघायचं नांदायला?"
कट्टा हसतो. मीही हसतो, फेसाची मिशी पुसत.
थोरल्या बहिणीला इचलकरंजीला धाडताना
आईनं तिची ओटी भरली होती.
माझी कोण भरणार?
माझ्या बॅगेत पोलिसांचा दाखला आहे,
भाषांतर केलेला जन्माचा दाखला,
आणि लग्नाचे चाळीस फोटो,
त्यातल्या निम्म्यांत माझे डोळे मिटलेले.

त्या बाईनं विचारलं होतं,
एकूण किती दिवस एकत्र राहिलात?
तेवीस.
उत्तर इतकं लगेच आलं
की तिनं मान वर करून बघितलं.
बायको चहा कसा घेते?
दोन चमचे साखर. आलं नको.
तिनं खाली काहीतरी लिहिलं.

त्याच रात्री सन्मतीला फोनवर सगळं सांगितलं,
चहाचंही.
ती गप्प झाली.
तिच्या ओहायोत कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं,
बेल्ट सैल झालेला, मला इथनं कळत होतं.
"साखर सोडून वर्ष झालं रे," ती म्हणाली.
"इथं पिशव्या मोठ्या मिळतात. एकटीला संपायची नाही,
तिचा दगड व्हायचा. मग आणायचीच बंद केली."

मी खोटं बोललो नव्हतो.
मी जुनं बोललो होतो.

माझ्याजवळची सन्मती गेल्या वर्षीची आहे.
तिच्याजवळही तसलाच कुणीतरी असणार,
मी म्हणून :
उजव्या बोटाला अजून चार टाके न पडलेला,
बापाच्या जागी मशीनवर उभा न राहिलेला.
हे दोघं एकमेकांना रोज फोन करतात.
सरकार कुणाची फाईल तपासतंय
देव जाणे.

टपरीवर आता मी बिनसाखरेचा सांगतो.
दिलावरभाई म्हणाला, "शुगर निघाली काय रं?"
म्हटलं, नाही, सराव करायलोय.
पहिले चार दिवस तोंड वाकडं झालं.
आता चव लागते, पत्तीची,
आणि मागनं थोडी त्याच्या पितळी पातेल्याची.

तिला विचारायचं राहिलंय,
तिकडं चहाला पातेलं कसलं आहे.